हरणासाठी मझललोडरची गोळी आणि पावडर कशी ठरवायची: आधी नळी बघा, डबा नंतर उघडा

मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून पावडर आणि गोळी भरायची बंदूक, हातात आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, पावडर किती टाकू? मग मॅन्युअलमध्ये मॅक्झिमम १५० ग्रेन लिहिलेलं दिसतं आणि ५० च्या तीन पेलेट (पावडरच्या घट्ट दाबलेल्या वड्या) टाकून मोकळे होतात, खांदा दुखतो, टार्गेटवर भोकं इकडेतिकडे पडतात आणि दोष बंदुकीला जातो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी राज्याचे नियम, मग नळीचा ट्विस्ट, मग तुम्ही खरंच किती लांबून मारणार आहात ते, मग गोळी, आणि पावडर सगळ्यात शेवटी. व्हाइटटेल हरीण काही चिलखत घालून फिरत नाही, मध्यम लोडने जागेवर लागलेली गोळी त्याला पुरून उरते.

नियमांचं पटकन उरकतो पण वगळू नका. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं आहे आणि दुकानात जे मिळतं ते तुमच्या सीझनमध्ये चालेलच असं नाही. कोलोरॅडोच्या मझललोडर सीझनमध्ये स्कोप चालत नाही, सॅबो (गोळीभोवतीचा प्लॅस्टिकचा कप) चालत नाही, पेलेट पण चालत नाहीत, सुटी पावडर आणि पूर्ण बोअरची, म्हणजे नळीच्या व्यासाइतकीच जाड, गोळी घेऊनच जायचं. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसनंतरचा सीझन फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीवाली बंदूक, इनलाइन, म्हणजे पावडर पेटवणारी टोपी (प्रायमर) नळीच्या सरळ मागे बसणारी आजची मझललोडर, घरी ठेवायची. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंदच आहे, तिथे तांब्याचीच बघावी लागते. उलट पूर्वेकडच्या आणि मिडवेस्टच्या बऱ्याच राज्यांत इनलाइन, स्कोप, सॅबो सगळं चालतं. त्यामुळे त्या वर्षाचं राज्याचं रेग्युलेशन बुकलेट उघडून मझललोडरचं पान वाचा, मगच खरेदीला जा, कारण उघडलेला पावडरचा डबा कोणी परत घेत नाही.

आता नळी. नळीच्या आतल्या खाचा किती इंचात एक पूर्ण वेढा घेतात तो ट्विस्ट, आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. आजच्या .५० कॅलिबरच्या इनलाइनमध्ये साधारण १:२८ असतो म्हणजे २८ इंचात एक वेढा, हा फास्ट ट्विस्ट, लांबट गोळ्यांसाठी. जुन्या धाटणीच्या, गोल गोळ्यासाठी बनवलेल्या नळीत १:६६ किंवा १:७० असतो. आणि मधला १:४८, हॉकेन टाइपच्या बऱ्याच फॅक्टरी बंदुकांत दिसतो, तो दोघांनाही सांभाळून घेतो पण दोघांतही अव्वल नाही. गोळी जितकी लांब तितकी तिला स्थिर ठेवायला जास्त फिरकी लागते, गोल गोळ्याला फारच कमी लागते. १:६६ मध्ये लांब सॅबो टाकलात तर टार्गेटवर गोल भोकाऐवजी आडवं, किल्लीच्या भोकासारखं भोक पडेल, गोळी हवेत लोळत गेली म्हणून समजा. आणि १:२८ मध्ये पॅचमधला (कापडाच्या तुकड्यात बसवलेला) गोळा जोरदार लोडने मारला तर उथळ खाचांवरून घसरतो, फिरतच नाही नीट. ट्विस्ट बहुतेक वेळा नळीवरच लिहिलेला असतो. नसेल तर गजावर (नळीत गोळी ढकलायच्या दांड्यावर) घट्ट बसणारा पॅच लावून नळीत पूर्ण आत घाला, गजावर मार्करने खूण करा आणि हळूहळू बाहेर ओढत गज किती इंचात किती फिरतो ते बघा (गजाचं हँडल फिरणारं हवं, नाहीतर काही कळणार नाही). हे करताना बंदूक रिकामी आहे ना ते आधी बघा, ते कसं बघायचं ते खाली सांगतो.

अंतराच्या बाबतीत स्वतःशी खरं बोला. दाट जंगलात स्टँडवर बसणार असाल तर बहुतेक शॉट ८० यार्डाच्या आतले असतात, आणि तिथे कुठलीही समंजस गोळी चालते. शेताच्या कडेला बसून १५० यार्डाकडे बघत असाल तर गोष्ट वेगळी. हरणाचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र साधारण ८ इंचाचं धरतात, शिकारीच्या पोझिशनमधून, म्हणजे बेंचवरून नाही, तुम्ही ज्या अंतरावर दर वेळी ८ इंचाच्या ताटलीत मारू शकता तेच तुमचं अंतर.

गोळ्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार.

पहिला पॅचमधला गोल गोळा. .५० च्या नळीला .४९० चा गोळा, वजन साधारण १७७ ग्रेन, आणि .०१५ ते .०२० इंच जाडीचा वंगण लावलेला सुती पॅच. शुद्ध मऊ शिसं हवं, कडक मिश्रधातू नको. गोळा हवेत फार लवकर वेग घालवतो, तोंडाशी १९०० फूट पर सेकंद असला तरी १०० यार्डावर बाराशेच्या आसपास किंवा त्याखालीच येतो. ऊर्जेचा हिशोब केला तर तिथे जेमतेम ५०० फूट-पाउंडच्या आसपास उरतात आणि मॉडर्न रायफलवाले म्हणतात हरणाला निदान ८०० ते १००० लागतात. तरीही शेकडो वर्षं लोक याच गोळ्याने हरणं आणत आलेत, कारण मुळातच अर्ध्या इंचाचा मऊ शिशाचा गोळा भोक मोठं पाडतो, तो फुगण्यावर अवलंबून नाही. म्हणून गोळ्याच्या बाबतीत ऊर्जेचं कोष्टक बाजूला ठेवा आणि अंतर ७५ यार्डाच्या आत ठेवा, बस.

दुसरा प्रकार कॉनिकल, पूर्ण बोअरची शिशाची लांबट गोळी, मॅक्सी-बॉल किंवा ली कंपनीची आर.ई.ए.एल. वगैरे. .५० मध्ये ३०० ते ४०० ग्रेन वजन सहज असतं. जड, सावकाश जाणारी, आरपार निघणारी. जिथे सॅबो बंद आहेत तिथे हीच कामाची. धक्का चांगलाच बसतो आणि ट्रॅजेक्टरी वाकडी, १०० यार्डापुढे खाली पडायला लागली की भराभर पडते. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, वंगण लावलेली कॉनिकल नळीत ढिली असेल तर बंदूक तोंड खाली करून खांद्याला लटकवून दिवसभर फिरताना ती पुढे सरकू शकते, आणि गोळी व पावडर यांच्यामध्ये फट राहिली की नळी फुगू शकते, फाटूही शकते. पावडरवर एक लोकरीचा वॅड टाकला तर गोळीचं बूड दारूच्या ज्वाळेपासून वाचतं आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) पण सुधारतो बऱ्याचदा, पण ढिली गोळी वॅडने घट्ट होत नाही हे लक्षात असू द्या. ढिली असेल तर मापच बदला. पॉवरबेल्टसारख्या गोळ्या पण याच घरातल्या, फक्त मागे प्लॅस्टिकचं सील. टाकायला सोप्या. मऊ शिसं असल्यामुळे मध्यम लोडवर छान फुगतात, फार जोरात मारल्या तर जवळच्या हरणाच्या खांद्याच्या हाडावर चपट्या होऊन आत खोल न जाण्याची भीती असते.

तिसरा सॅबो. प्लॅस्टिकच्या कपात बसवलेली कमी व्यासाची गोळी, .५० च्या नळीत बहुतेक .४५१ किंवा .४५२ ची. हॉर्नाडी एसएसटी, हॉर्नाडी एक्सटीपी, बार्न्सच्या पूर्ण तांब्याच्या टी-ईझी, ही नावं दुकानात सहज दिसतील. हरणासाठी २५० ग्रेन हा माझ्या मते मधला आणि शहाणा आकडा, ३०० पण उत्तम, थोडी जड आणि थोडी सावकाश. २५० ग्रेनची गोळी १८५० फूट पर सेकंदने निघाली तर तोंडाशी १९०० फूट-पाउंड होतात, १०० यार्डावर हजाराच्या वर आरामात राहतात. यात निवड करताना गोळी कुठल्या वेगाला फुगायला बनवली आहे ते बघा. एक्सटीपी मुळात पिस्तुलाची गोळी, मध्यम वेगाला सुंदर काम करते, तिला दीडशे ग्रेन पावडरने हाणून वेगवान रायफल बनवायची गरज नाही. तांब्याची गोळी तुटत नाही, वजन राखते, आरपार जाते, आणि आरपार जाणं महत्त्वाचं, कारण दोन भोकं म्हणजे रक्ताचा माग दुप्पट आणि संध्याकाळच्या अंधारात तो मागच कामाला येतो.

सॅबो विकत घेताना पहिल्यांदा एक छोटं पाकीटच घ्या. तीच गोळी एका नळीत लोण्यासारखी जाते आणि दुसऱ्या नळीत गजावर पूर्ण वजन टाकलं तरी हलत नाही, नळ्यांच्या आतल्या व्यासात थोडा थोडा फरक असतो. हाताला कसं जाणवायला हवं ते सांगतो: शॉर्ट स्टार्टरने (गोळी तोंडातून आत सरकवायच्या आखूड दांडीने) एक ठोसा द्यावा लागावा, मग गज एकसारख्या दाबाने खाली जावा, मध्ये कुठे अचानक सैल किंवा अचानक अडकल्यासारखं नको. अगदी बोटाने ढकलली तर जातेय, मग ती फार ढिली. गजावर लटकावं लागतंय, मग घाईच्या दुसऱ्या शॉटला तुमची पंचाईत. अशा वेळी गोळी तीच ठेवून सॅबो बदलून बघता येतो, बरगड्या असलेले सॅबो सोपे जातात. नळी गरम असताना प्लॅस्टिक मऊ पडतं आणि ग्रुप उघडतो, तेव्हा रेंजवर घाई करू नका, नळीला हात लावून कोमट वाटेपर्यंत थांबा.

आता पावडर, आणि पहिलंच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मॉडर्न स्मोकलेस पावडर, म्हणजे काडतुसात भरतात ती, मझललोडरमध्ये घालायची नाही, चिमूटभरसुद्धा नाही. खास तिच्यासाठी बनवलेल्या आणि कंपनीने तसं लिहून दिलेल्या मोजक्या बंदुका सोडून बाकी सगळ्या नळ्या तिने फुटतात आणि माणसं बोटं, डोळे गमावतात. डब्यावर ब्लॅक पावडर किंवा ब्लॅक पावडर सबस्टिट्यूट असं स्पष्ट लिहिलेलं असेल तीच घ्या आणि दुसऱ्याने बिनलेबलच्या बाटलीत दिलेली पावडर कितीही जवळचा मित्र असला तरी घेऊ नका.

खरी ब्लॅक पावडर दाण्याच्या जाडीवर ओळखतात. एफएफजी .५० आणि वरच्या कॅलिबरला, एफएफएफजी बारीक, ती .४५ आणि खालच्याला, आणि एफएफएफएफजी फक्त फ्लिंटलॉकच्या पॅनमध्ये (ठिणगी पडते त्या छोट्या वाटीत). फ्लिंटलॉक असेल तर खरी ब्लॅक पावडरच घ्या, सबस्टिट्यूट पेटायला जास्त उष्णता मागतात आणि चकमकीच्या ठिणगीला दाद देत नाहीत. सबस्टिट्यूटमध्ये पायरोडेक्स जुनं, वागायला ब्लॅक पावडरसारखं, आणि गंज पण तसाच आणतं. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस, त्यात गंधक नाही, पाण्याने साफ होतं. ब्लॅक पावडरच्या लोडइतकाच वेग हवा असेल तर ट्रिपल सेव्हन साधारण १५ टक्के कमी घ्यायचं, हा सल्ला कंपनीचाच आहे. त्याची एक खोड म्हणजे गोळी जिथे बसते तिथे कडक खरकटाचं वर्तुळ जमतं, दुसरी गोळी बरोबर त्याच्यावर अडकते आणि माणसाला वाटतं बसली खाली. ब्लॅकहॉर्न २०९ सगळ्यात स्वच्छ जळतं, शॉटमागून शॉट न पुसता मारता येतात, पण महाग, आणि त्याला पूर्ण ताकदीचा २०९ शॉटगन प्रायमर लागतो, मझललोडरसाठी मुद्दाम सौम्य केलेला प्रायमर नाही चालत. शिवाय ब्रीच प्लग (नळीचं मागचं टोक बंद करणारं आट्यांचं बूच) त्याच्याशी जुळणारा हवा आणि गोळी घट्ट हवी, ढिल्या गोळीमागे ते नीट पेटत नाही. साध्या पर्कशन कॅपच्या (छोट्या टोपीने पेटणाऱ्या) बंदुकीत ब्लॅकहॉर्न घेऊच नका.

मोजमापात लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. मझललोडरच्या पावडरचं ग्रेन हे आकारमानाचं माप आहे (गोळीचं ग्रेन मात्र वजनाचं), पितळेच्या मापात १०० च्या खुणेपर्यंत भरलं की १०० ग्रेन, तराजूवर काय येतं ते वेगळं. ब्लॅकहॉर्नचं १०० चं माप तराजूवर सुमारे ७० ग्रेन भरतं. कोणी तराजूवर १०० ग्रेन ब्लॅकहॉर्न मोजून टाकलं तर ते मापाने १४० च्या पुढे गेलं, आणि त्या पावडरची कमाल मर्यादा १२० आहे. तेव्हा माप म्हणजे माप, आणि वजनाने मोजायचंच असेल तर त्या पावडरच्या कंपनीचं वजनाचं कोष्टक समोर ठेवून.

पेलेट सोयीच्या, ५० च्या दोन टाकल्या की १००. पायरोडेक्सच्या पेलेटचं काळं टोक प्रायमरकडे राहायला हवं, उलटी टाकली तर उशिरा पेटू शकते. गज ठोकून पेलेटचा चुरा करू नका, गोळी टेकली की पुरे. पेलेटची खरी अडचण ही की तुम्हाला ८५ किंवा ९० करून बघता येत नाही, आणि कित्येक नळ्यांना नेमकं तेच आवडतं. मी तर नव्या माणसाला सुटी पावडरच घ्यायला सांगतो.

सुरुवात कुठून करायची? .५० इनलाइन, २५० ग्रेन सॅबो, तर ८० ग्रेनपासून. पॅचमधला गोळा, तर ६० ते ७० पासून. दोन्हीत वरची हद्द तुमच्या बंदुकीच्या मॅन्युअलमध्ये आणि पावडरच्या डब्यावर जी कमी असेल ती. आधी ५० यार्डावर, भक्कम रेस्टवर, तीन तीन शॉटचे ग्रुप, आणि दर ग्रुपला पाच किंवा दहा ग्रेन वाढवत जा, बाकी काहीही बदलू नका, गोळी तीच, प्रायमर तोच, पुसण्याची पद्धत तीच. ग्रुप लहान होत जाईल आणि मग एका ठिकाणी परत उघडायला लागेल, त्याच्या आधीचा तो तुमचा लोड. बऱ्याच इनलाइनला हा आकडा ९० ते १०० च्या मध्येच सापडतो. तिसऱ्या पेलेटने वेग थोडा वाढतो खरा, पण १०० यार्डावर गोळी एखाद-दोन इंच वर लागण्यापलीकडे फारसं हाती लागत नाही, आणि खांद्याला मार बसून तुम्ही ट्रिगर झटकायला लागता ते वेगळंच. बर्फावर मारून बघा, छोट्या नळीतून दीडशे ग्रेनचा बार काढला की पुढे न जळालेले काळे दाणे पडलेले दिसतात.

गोल गोळा मारणाऱ्यांना टार्गेटपेक्षा पॅच जास्त सांगतो. शॉट मारला की रेंज बंद झाल्यावर पुढे दहा-पंधरा यार्डावर पडलेला पॅच उचलून आणा. मधोमध काळं वर्तुळ, कडा झिजलेल्या पण अखंड, म्हणजे सगळं ठीक. मध्ये जळून भोक पडलंय, तर पॅच पातळ आहे किंवा वंगण कमी, जाड कापड घ्या. वर्तुळाच्या रेषेवर चिरा पडल्यात तर नळीच्या खाचांच्या कडा धारदार आहेत किंवा टाकताना तोंडाशी कापला जातोय, नव्या नळीत हे थोडे शॉट झाल्यावर आपोआप कमी होतं. पॅचच्या चिंध्याच मिळत असतील तर पावडर वाढवून ग्रुप सुधारणार नाही, तिकडे बघूच नका, आधी कापड दुरुस्त करा.

टाकण्याची पद्धत दर वेळी एकच हवी. सीझनच्या सकाळी आधी नळीतलं तेल कोरड्या पॅचने काढा, मग सुरक्षित दिशेला तोंड करून नुसता प्रायमर उडवा म्हणजे ठिणगी पावडरकडे जायचं भोक मोकळं आहे ते कळतं. पावडर नेहमी मापातून किंवा आधी मोजून भरलेल्या नळकांड्यातून टाका, फ्लास्कमधून थेट नळीत कधीच नाही, आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर अख्खा फ्लास्क हातात उडेल. टाकताना तोंड चेहऱ्यापासून दूर, प्रायमर सगळ्यात शेवटी. गोळी पावडरवर घट्ट टेकली की गजावर नळीच्या तोंडापाशी रेघ मारा. दुसरी रेघ रिकाम्या नळीची. या दोन रेघा म्हणजे तुमचा विमा: भरली आहे की नाही, दोनदा भरली का, वर्तुळावर गोळी अडकली का, सगळं गज घातल्या घातल्या कळतं. लोड बदललात तर भरल्याची रेघ पण नवी.

बार उडालाच नाही तर तोंड टार्गेटकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबा, उशिरा पेटतात कधी कधी.

झिरो करताना, म्हणजे नेम ठरावीक अंतराला जुळवताना, एक लक्षात घ्या, जंगलात तुम्ही थंड नळीतून एकच शॉट मारणार आहात. रेंजवरचा तिसरा शॉट कुठे गेला त्याला फारशी किंमत नाही. म्हणून लोड ठरला की वेगवेगळ्या दिवशी, शिकारीला जशी नळी असेल तशाच नळीतून, पहिला थंड शॉट मारायचा आणि तो एकाच कागदावर गोळा करत जायचा. त्या कागदावरचा ग्रुप तुमचा खरा ग्रुप. २५० ग्रेन सॅबो १०० यार्डावर दोन-अडीच इंच वर ठेवली की साधारण १३०-१४० यार्डापर्यंत सरळ मध्यावर धरून मारता येतं, कॉनिकल आणि गोल गोळ्याला मात्र ७५ च्या आसपास झिरो ठेवून मोकळे व्हा.

शॉटनंतर धूर येतो, आणि दमट हवेत तर समोर पांढरी भिंतच. हरीण पडलं की पळालं ते दिसत नाही, म्हणून ट्रिगरच्या आधीच ते उभं आहे ती जागा एखाद्या झाडाने किंवा खडकाने मनात पक्की करा, बार उडाला की खाली वाकून धुराच्या खालून बघा. पडलेलं नसेल तर पुन्हा भरून घ्या आणि अर्धा तास तरी हलू नका, फुप्फुसातून गेलेलं हरीणही शंभरेक यार्ड सहज पळतं.

संध्याकाळी काही न मिळता परत आलात तर प्रायमर काढूनच गाडीत बसायचं, आणि भरलेली बंदूक गाडीत कशी न्यायची याचे नियमही राज्यागणिक बदलतात ते बघून ठेवा. थंडीत ती गरम घरात आणू नका, नळीत पाणी सुटतं आणि पावडर ओल धरते. इनलाइन असेल तर ब्रीच प्लग उघडून चार्ज मागून काढता येतो, नाहीतर सुरक्षित बांधाकडे तोंड करून उडवून टाका. उडवली असेल तर त्याच रात्री साफ, पायरोडेक्स आणि ब्लॅक पावडर सकाळपर्यंत वाट बघत नाहीत, गरम पाणी, साबण, पॅच स्वच्छ निघेपर्यंत, मग कोरडी करून तेलाचा हात, आणि ब्रीच प्लगच्या आट्यांना ग्रीस लावायला विसरलात तर पुढच्या वर्षी तो प्लग पान्यानेसुद्धा निघणार नाही.